मोजणारा डोंगरकस्तूर

१

पक्ष्यांना मोजता येत नाही. आमचं सगळं काम या एका गोष्टीवर चालायचं.

लपणात, म्हणजे झुडपांनी झाकलेल्या आडोशात, बसून घरट्याचा फोटो घ्यायचा असेल तर दोघांनी जायचं. दोघं येताना दिसले की पक्षी उडतो, लांब दगडावर बसून ओरडतो. मग एकाने लपणात शिरायचं आणि दुसऱ्याने उघड्या माळावरून, पक्ष्याला नीट दिसेल असं, सावकाश निघून जायचं. पक्ष्याच्या लेखी माणूस आला होता, माणूस गेला. तो घरट्यावर परततो. आत कुणी राहिलं आहे हे त्याच्या हिशेबातच नसतं.

परतताना हेच उलट. जो गेला त्यानेच न्यायला यायचं, मोठ्याने गात, पक्ष्याला दिसत. पक्षी उडाला की न्यायला आलेल्याच्या आडोशाने आतल्याने बाहेर पडायचं. आतल्याने आपण होऊन कधीही बाहेर यायचं नाही. रिकाम्या झुडपातून अचानक माणूस उभं राहिलेलं पक्ष्याने पाहिलं, की तो ती जागा कायमची सोडतो. अंडी थंड पडतात, पिलं भुकेने मरतात.

त्या एका दिवसापर्यंत मी एकदाही आपण होऊन बाहेर आले नव्हते. पावसात भिजले आहे, पाय बधिर होऊन पडले आहे, एकदा अंगात ताप होता, तरी नाही. आमच्या मुलखात पक्ष्यांचे फोटो काढणारे आणखीही आहेत, मोटारीतून येणारे, माझ्यापेक्षा महागाचे कॅमेरे असणारे. त्यांच्यापैकी एकालाही हे छातीवर हात ठेवून सांगता येणार नाही. मला येत होतं.

मला न्यायला माझा नवरा इद्वल यायचा. पाटीच्या दगडाच्या खाणीत त्याचं तरुणपण गेलं, आणि खाण बंद पडली तेव्हा तिची धूळ तो छातीत घेऊन घरी आला. त्यामुळे तो हळू चालतो. पक्ष्यांना हळू चालणारी माणसं चालतात. गळा मात्र त्याचा शाबूत आहे. चॅपलच्या, म्हणजे गावच्या प्रार्थनामंदिराच्या, गायकवृंदात खालच्या पट्टीला त्याच्यासारखा आवाज अख्ख्या खोऱ्यात नाही. तो डोंगर चढत यायचा तेव्हा आधी स्तोत्र यायचं, मग टोपी, मग तो.

सकाळी मी थर्मासमध्ये चहा भरायची, मनुकांच्या पावाच्या जाड कापा लोणी लावून कागदात गुंडाळायची, फोटोच्या काचेच्या प्लेटांची पेटी तपासायची. इद्वल कॅमेऱ्याची तिपाई खांद्यावर घ्यायचा. दाराला कडी घालून आम्ही निघायचो. इतकी वर्षं हेच चाललं होतं.

२

लढाई संपून काही वर्षं झाली होती. फोटो छापून त्यावर मी स्वतः पाण्याच्या रंगांनी रंग भरायची. माझा बहिरी ससाणा आणि माझा डोमकावळा चॅपलच्या वाचनखोलीत लावलेले होते. येणारा प्रत्येक पाहुणा आधी तिथे नेला जायचा आणि मगच त्याला चहा मिळायचा. त्या वर्षी किनाऱ्यावरच्या मोठ्या गावात, शरद ऋतूत, वेल्सच्या डोंगरी पक्ष्यांच्या चित्रांचं प्रदर्शन भरायचं होतं. एक अख्खी भिंत माझी होती. फक्त एक चित्र कमी होतं.

डोंगरकस्तूर. बागेतला कस्तूर तुम्ही पाहिला असेल, घरजावयासारखा, खाऊनपिऊन सुखी. हा त्याचा रानातला भाऊ. तसाच काळा, पण पंखांच्या कडा चंदेरी, आणि छातीवर पांढरीशुभ्र चंद्रकोर. मादीची चंद्रकोर मळकी असते. नराची अशी की सावलीतही दिसते. हा पक्षी मानी आहे. माणूस ज्या कड्यावर दोनदा गेला त्या कड्यावर तो तिसऱ्यांदा येत नाही म्हणतात. समोरून, चोचीत किडे घेऊन, घरट्यावर उभ्या असलेल्या नराचा चांगला फोटो मी तरी कुठे पाहिलेला नव्हता.

मोएल लास डोंगराच्या पोटात, आमच्याच बंद खाणीच्या वरच्या पायरीवर, त्याचं घरटं होतं. लपण मी दिवसादिवसाने जवळ सरकवत आणलं होतं, गोणपाटाचं, वर हेदरची झुडपं खोचलेलं. मादी येत होती. नर नाही. इद्वल निघून गेला तरी तो दगड उचलायच्या गंजलेल्या यारीच्या टोकावर बसून ओरडत राहायचा. टक्, टक्, टक्. दगडावर दगड आपटल्यासारखा. तो यारीकडे पाहत नव्हता, इद्वलकडेही पाहत नव्हता. तो सरळ लपणाकडे पाहायचा.

"तो मोजतोय," मी घरी आल्यावर म्हणाले.

"मग माझ्याहून हुशार आहे," इद्वल बूट काढत म्हणाला. "मला अजून गाण्याचा ताल मोजता येत नाही. विचार गायकवृंदाच्या मास्तरांना."

"चेष्टा नाही. दोघं आली, एकच गेलं, हे त्याला कळतंय."

त्याने बूट विस्तवापाशी वाळत ठेवले. मग म्हणाला, "खाणीत आम्ही काय करायचो माहीत आहे? एखाद्याला खाली गावात काम असलं की त्याचा कोट आणि टोपी कड्यावर पहारीला अडकवायचो. मुकादम खालून मोजायचा. कोट भरले की माणसं भरली."

"आणि कधी पकडले गेलात?"

"छे! उलट एकदा दरड आली. मुकादमाने कोट मोजले. सगळे भरले. म्हणून दरडीखालच्या रिसचा शोध दुसऱ्या दिवशी सुरू झाला."

 मग तो उठला आणि दारामागची झाडू घेऊन आला.

३

माझा विटकरी लोकरी कोट झाडूच्या दांड्याला आडवी काठी बांधून त्यावर चढवला, आणि वर माझी हिरवी टोपी. इद्वल तो कोट आपल्या शेजारी, हात धरल्यासारखा, उभा धरून चालणार होता. दोघं आली, दोघं गेली.

पहिल्या दिवशी मला आत हसू आवरेना. मागच्या फटीतून मी पाहत होते. कोट कधी पुढे झुकायचा, कधी दारू प्यायल्यासारखा डुलायचा, आणि इद्वल त्याच्याशी मोठमोठ्याने बोलत चालला होता. "सांभाळून हं, बाई! इथे पाणी आहे. काय म्हणालीस? चहा? घरी गेल्यावर!"

ते दोघं खाणीच्या कडेआड गेले, आणि टक् टक् थांबलं. इतक्या दिवसांत पहिल्यांदा. थोड्या वेळाने कपारीवर सावली पडली. नर आला होता. घरट्यावर नाही, शेजारच्या दगडावर, पाठमोरा. पण आला होता. त्याच्या पंखांच्या कडा मी इतक्या जवळून कधी पाहिल्या नव्हत्या. मी प्लेट बदलली आणि पुन्हा कॅमेऱ्याला डोळा लावला.

दुपार कलताना इद्वल गात आला, कोट शेजारी. मी बाहेर पडले, कोट काठीवरून उतरवून अंगात घातला, कारण वर वारा बोचरा होता.

कोट गरम होता.

"कुठे ठेवला होतास?" मी विचारलं.

"हातातच होता की. खाणकामगारांच्या जेवणाच्या जुन्या खोपीत बसलो होतो आम्ही."

"शेकोटी पेटवलीस?"

"खोपीला छप्पर नाही, पोरी. शेकोटी कसली पेटवणार!" तो स्वतःलाच म्हणाल्यासारखा हसला. "ऊन पडलं असेल."

त्या दिवशी ऊन नव्हतं. पण कोट दिवसभर इद्वलच्या अंगाला लागून होता, आणि चालणारा माणूस तापतोच. मी बटणं लावली. उतरताना गरमी हळूहळू गेली आणि माझी स्वतःची आली.

४

दोन-तीन दिवस असेच गेले. नर रोज थोडा जवळ येत होता. मग एका सकाळी नेस्ता दुधाचा कॅन घेऊन आली. खाणीखालचं कुरण तिचं, मेंढ्या तिच्या, आणि जिभेला तिच्या धार आहे.

"लुनेदबाई, मोठ्या झालात हो! काल खोपीपाशी हाक मारली, तर वळूनही बघितलं नाहीत."

"काल मी दिवसभर लपणात होते, नेस्ता."

"मग इद्वलशेजारी कोण होतं?"

"माझा कोट." मी तिला सगळं समजावून सांगितलं. ती पोट धरून हसली, टेबलावर हात आपटला, आणि इद्वलला म्हणाली, "बायकोला काठीवर नाचवतोस होय रे! आमच्या घरी उलटं आहे." आणि मग हसणं तिच्या तोंडावर राहिलं, पण डोळ्यांतून गेलं.

"पण मग फाटक कुणी लावलं?"

"कुठलं फाटक?"

"माझं. खालचं." ती इद्वलकडे बोट करून म्हणाली, "हा बाबा लग्नाआधीपासून माझ्या कुरणातून जातो, आणि आजवर एकदा फाटक लावलेलं नाही. मेंढ्या रस्त्यावर. म्हणून मी कुंपणाआडून बघत थांबले होते, की आज पकडते आणि झाडते. हा पुढे गेला, पाठमोरा. फाटक मागे लागलं. कडी वर करून, खाली दाबून. लुनेद, तू लावतेस तसं."

"मीच लावलं असेल," इद्वल म्हणाला. "तुझ्या शिव्या आठवून."

"तुझे दोन्ही हात खिशात होते."

 मी म्हणाले, "वाऱ्याने आपटलं असेल." नेस्ताने मान हलवली. गावात वाढलेल्या माणसाला वाऱ्याने आपटलेलं फाटक आणि हाताने लावलेलं फाटक यातला फरक सांगावा लागत नाही. पण तिने वाद घातला नाही. जाताना तिने मला दारात थांबवलं, माझा हात हातात घेतला, आणि नुसता दाबून पाहिला, जसा बाजारात कोकराचा पाय दाबून पाहतात.

५

मी भाबडी बाई नाही. माझी शाळा पुरी झाली आहे, आणि अंधाऱ्या खोलीत काम करणाऱ्याला भुतांची भीती परवडत नाही. म्हणून मी एक प्लेट वाया घालवायचं ठरवलं. त्या दिवशी इद्वल कोट घेऊन निघाला तेव्हा कॅमेरा मागच्या फटीकडे वळवला आणि त्या दोघांचा पाठमोरा फोटो घेतला.

जिन्याखालची कोठी माझी अंधारखोली आहे. दाराला घोंगडी, आत लाल दिवा. औषधाच्या ताटलीत कागद हलवत उभी राहिले. आधी डोंगराची कड आली, मग इद्वलची टोपी, मग कोट. कोटाखाली काठी दिसायला हवी होती. तिथे काळपट काहीतरी होतं, जमिनीपर्यंत. हेदर असेल. इद्वलचा मागचा पाय कोटाखाली आला असेल. भिंगाने पाहिलं. दोन्ही असू शकत होतं.

टोपी मात्र मागे वळलेली होती. इद्वल पुढे पाहत होता आणि टोपी लपणाकडे. काठीवरची टोपी वाऱ्याने फिरते. फिरतेच.

"काय आलंय?" इद्वल बाहेरून म्हणाला. मी ओला कागद त्याला दाखवला.

"छान आहे. आपण दोघं."

"आपण नाही रे. तू आणि कोट."

"तेच ते," तो म्हणाला, आणि किटली ठेवायला गेला. तिथूनच म्हणाला, "मी विचार केला त्या गोष्टीचा. बरोबर आहे तुझं. पुढची भिंत या वर्षी चुन्याने रंगवून घेऊ."

माझ्या हातातला चिमटा ताटलीत पडला.

भिंत रंगवायचं मी त्या दुपारी लपणात बसून मनात ठरवलं होतं. कुणाला बोलले नव्हते. बोलायला कुणी नव्हतंच.

"मी कधी म्हणाले?"

"वाटेत. खोपीच्या अलीकडे." तो कपाटातून कप काढत होता. मग त्याचा हात थांबला. त्याने कपाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. "म्हणालीस ना?"

इतक्या वर्षांच्या संसारात दोघांच्या मनात एकच गोष्ट येते. आमची भिंत गेल्या हिवाळ्यापासून डागाळली होती, कुणालाही सुचलं असतं. मी त्याला तसं सांगितलं. तो हो म्हणाला. 

त्यानंतर मी मादीच्या फोटोत रंग भरायला बसले. चंद्रकोर पांढऱ्या रंगाने काढायची नसते. आजूबाजूचा काळा भरत आणायचा आणि तेवढा कागद मोकळा सोडायचा. जिथे काहीच केलेलं नाही तीच जागा सगळ्यांत आधी डोळ्यात भरते. हे मला कुणी शिकवलेलं नाही. माझं मी शिकले. त्या संध्याकाळी मात्र ब्रश पुन्हा पुन्हा मोकळ्या जागेत शिरत होता.

६

"उद्या कोट नको," मी जेवताना म्हणाले.

इद्वलने चमचा खाली ठेवला. मटणाच्या रश्श्याची वाफ आम्हा दोघांच्या मधे होती.

"मग ती घरी कशी येईल?"

"कोण?"

त्याने डोळे चोळले. "तू. म्हणजे तू. काय विचारतेस!" आणि मग चिडून, जसा तो घाबरला की चिडतो, "पिलांना पिसं फुटली आहेत. उद्या नाही तर परवा उडतील. नर घरट्यावर समोरून आला नाही अजून. कोट नेला नाही तर तो यारीवरच बसेल, आणि तू भिंतीवर मोकळी चौकट टांगशील. मला काय! मी आपला हमाल."

तो खरं बोलत होता. गावाने प्रदर्शनाला जायला मोटारबस ठरवली होती. नेस्तानेसुद्धा नवी टोपी घेतली होती आणि ती प्रदर्शनासाठी नाही असं सगळ्यांना सांगत फिरत होती. आणि खरं सांगायचं तर गावासाठी नव्हे, माझ्यासाठीच मला तो फोटो हवा होता. जे कुणाला जमलं नाही ते मला जमणार होतं, आणि माझ्यात व त्याच्यात फक्त एक झाडू उभी होती.

सकाळी कोट मी स्वतः काठीवर चढवला. आडवी काठी हलवून पाहिली, सुतळी आवळली. आत हात घालून वरपासून खालपर्यंत चाचपलं. लाकूड, अस्तर, बाकी काही नाही. एकेक बटण मी लावलं. बाह्यांची टोकं सेफ्टीपिनने खिशांना टाचली, म्हणजे त्या हलायला नकोत. इद्वल दारात उभा राहून पाहत होता.

"झालं का तुमचं?" तो म्हणाला. तुमचं. मी ऐकलं, आणि तिपाई उचलली.

७

वर धुकं नव्हतं. खाणीच्या पायऱ्या काळ्याभोर चमकत होत्या, खाली आमच्या घरांच्या ओळीची छपरं आणि शेवटचं आमचं घर. मी आत शिरले. इद्वलने फट बंद केली. "येतो न्यायला," तो म्हणाला. हे तो दर वेळी म्हणतो.

मग त्याने काठी उचलली आणि तो निघाला. त्या दिवशी तो कोटाशी बोलत नव्हता. तो ऐकत होता. मान थोडी कलती करून, मधेच होकार देत. तो चालतो तसाच कोटही हळू चालत होता, डुलत नव्हता. पाणथळीपाशी इद्वल थांबला, बाजूला झाला, आणि वाट दिली. त्याचे हात खिशात होते.

मी मागची फट बंद केली. थंडीत, तहानेत, एकटं बसलं की डोळे फसवतात. मी नियमाप्रमाणे समोर पाहू लागले.

आणि तो आला. सरळ घरट्याच्या काठावर, समोरून. चोचीत गांडुळांचा झुबका, छाती पुढे काढलेली. चंद्रकोर इतकी पांढरी होती की माझ्या डोळ्यांत पाणी आलं. त्याने लपणाकडे पाहिलं. टक् नाही, टुक् नाही. त्याचा हिशेब पुरा झाला होता. मी श्वास धरला आणि बटण दाबलं. प्लेट बदलली, पुन्हा दाबलं. हवा होता तो फोटो हाच, हे मला न धुताच कळलं. काम जाणणाऱ्याला कळतं. हसू, रडू, काहीही आलं असतं. मी फक्त हाताची मूठ आवळली, एकदाच, आणि इद्वलच्या गाण्याची वाट पाहू लागले.

गाणं आलं नाही.

चहा संपला. सावल्या कपारीवरून उतरून घरट्यापाशी आल्या. नर-मादी येत-जात होती. मी मागची फट बोटभर उघडली. खाली आमच्या घराच्या धुराड्यातून धूर निघत होता. अंगणात इद्वल चुन्याची बादली ढवळत होता. भिंतीपाशी विटकरी काहीतरी होतं. ते वाकलं, आणि उभं राहिलं, आणि पुन्हा वाकलं. मी फट लावून घेतली.

ओरडावं असं वाटलं. पण लपणात ओरडायचं नसतं. तो विसरला असेल, छातीत दुखलं असेल, नेस्ता मदतीला आली असेल आणि तिला गार वाटलं म्हणून माझा कोट घातला असेल. दोघं गेली, दोघं घरी पोचली. इद्वलच्या लेखी वर कुणी राहिलेलंच नव्हतं. इतका साधा हिशेब होता तो. 

नियम मी मोडणार नव्हते. पण मला उठावं लागलं. पाय मेले होते, आणि मला तो घरी हवा होता, माझं घर हवं होतं. पिलांची मनोमन माफी मागितली. फट उघडली, गुडघ्यांवर बाहेर आले, आणि दिवसाउजेडी घरट्यासमोर सरळ उभी राहिले.

नर त्याच वेळी चारा घेऊन येत होता. मी डोळे मिटले. आता तो ओरडेल, वळेल, जाईल.

खांद्यावर काहीतरी बसलं.

वजन म्हणावं इतकंही नव्हतं. नखं स्वेटरमधून टोचत होती. घरट्याकडे झेपावण्याआधी तो रोज शेजारच्या दगडावर टेकायचा, तसा तो टेकला होता. मान वळवायला जागा नव्हती. डोळ्यांच्या कोपऱ्यात चंद्रकोर होती, गालापासून चार बोटं. तो घरट्यावर गेला, पिलांना भरवलं, परत माझ्या खांद्यावर आला आणि पिसं नीट करू लागला. सांगते ते खरं आहे, मी हलले नाही.  छातीत भीतीहून दुसरंच काही होतं. डोंगरकस्तुराला इतक्या जवळून पाहिलेली बाई या डोंगरात, की दुसऱ्या कुठल्या डोंगरात, झाली नसेल.

मग तो ताठ झाला. टक्. माझ्या कानापाशी. टक्, टक्.

खालून स्तोत्र येत होतं. इद्वलचा आवाज, आणि त्याच्यावर, वरच्या पट्टीत, एका बाईचा. मला गाता येत नाही. ती बाई सुरेख गात होती.

पक्षी खांद्यावरून उडाला. ते दोघं कडेवरून वर आले. "इद्वल," मी म्हणाले. तो माझ्या अंगावरून पुढे गेला, जसं हेदरच्या झुडपाला वळसा घालतात तसा किंचित वळसा घालून, आणि लपणाची फट उचलून धरली.

"मिळाला म्हणालीस ना, पोरी? चल, काढ ती प्लेट. मला बघायचीय," तो शेजारच्या विटकरी कोटाला म्हणाला.

टोपीखाली मी पाहिलं नाही. मुद्दाम पाहिलं नाही. मी विटकरी बाहीकडे पाहत राहिले. बाहीतून हात बाहेर आला. कॅमेऱ्याच्या पाठीवर गेला. ओलसर बोट आधी, माझ्याच सवयीप्रमाणे, स्कर्टला पुसलं, खीळ वर केली, आणि चौकट सावकाश, काठाला धरून, जराही न कलंडता बाहेर ओढली. त्या चौकटीत माझा डोंगरकस्तूर होता. इद्वलला हे कधी जमलं नाही. खोऱ्यात कुणालाच जमत नाही. मला वर्षं लागली होती.

त्या हाताला एकदाही चाचपडावं लागलं नाही. मी पाहत होते, आणि मान माझी आपोआप होकारात हलली.